‘ए’ की ‘अ‍ॅन’? देवनागरीला विचारा

‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी अ‍ॅन, बाकीच्यांआधी ए.’ शाळेत हा नियम घोकून घेतात. तो तोंडपाठ असलेली मुलेच मग ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ आणि ‘ए एमएलए’ लिहून मार्क घालवतात. चूक मुलांची नाही, नियमच अर्धवट सांगितलेला असतो. ‘ए’ की ‘अ‍ॅन’ हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरते.

उच्चार ओळखण्याची सोय आपल्या लिपीतच आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, एफआयआर यांना ‘अ‍ॅन’. युनियन, युरोपियन, यूपीआय, वन-वे यांना ‘ए’. स्पेलिंग ‘यू’नेच सुरू होत असले तरी अंकल आणि अंब्रेला यांना मात्र ‘अ‍ॅन’. एसटीलाही ‘अ‍ॅन’च, गावाकडे तिला ‘यष्टी’ म्हणणाऱ्यांनी हवे तर ‘ए’ लावावा!

दुसरा समज असा की मूळ शब्द ‘ए’, आणि स्वर आला की त्याला ‘न’ चिकटतो. घडले ते उलटे. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक. त्यातूनच ‘अ‍ॅन’ आला आणि पुढे व्यंजनांआधी त्याचा ‘न’ गळून ‘ए’ उरला. पण म्हणून ‘एक’ हे भाषांतर दरवेळी करायचे नसते. ‘ती एक डॉक्टर आहे’ हे मराठी नव्हे; ‘ती डॉक्टर आहे’ एवढे पुरे.

या ‘न’ने गोंधळही बराच घातला. अ‍ॅप्रन हा मुळात ‘नॅप्रन’. ‘ए नॅप्रन’ ऐकता ऐकता लोकांनी ‘अ‍ॅन अ‍ॅप्रन’ केले. त्याचा भाऊबंद नॅपकिन तेवढा वाचला. अंपायरही तसाच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीतला नसलेला, त्रयस्थ. इंग्रजीत आल्यावर त्याचाही सुरुवातीचा ‘न’ गेला.

ऑरेंजचीही हीच गोष्ट हौसेने सांगितली जाते, पण ती खरी नाही. संस्कृत नारंग फारसी-अरबीमार्गे युरोपात पोहोचला. इंग्रजांच्या हाती तो फ्रेंचांकडून आला, तेव्हा त्याचा ‘न’ वाटेतच गळालेला होता.