पाणी शिरलेलं इंजिन उघडताना

पावसाळ्यात मुंबईच्या हिंदमाता परिसरात किंवा मिलन सबवेत पाणी भरतं, गाडी त्यात बंद पडते आणि चालक सवयीने पुन्हा स्टार्टर मारतो. मग गॅरेजमधून निरोप येतो, ‘इंजिन गेलं.’ पण इंजिनातलं नेमकं काय गेलं, कशाने गेलं आणि काय वाचलं, हे ते क्रमाने उघडल्यावरच कळतं. यातलं ‘कशाने’ आधी ठरवावं. ते चुकलं तर वाचलेला म्हणून परत बसवलेला भागच पुढे नवं काम बिघडवतो.

पाण्याने इंजिन मोडतं कसं? १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ३३ सीसी जागा उरते. हवा दबते, पाणी दबत नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये दोन-अडीच मोठे चमचे पाणी गेलं, तरी पिस्टन वाटेतच अडतो. डिझेल इंजिनात दाब जास्त आणि ही जागा कमी, म्हणून तिथे वीसेक सीसी पाणीही पुरतं. वर पिस्टन अडलेला, खाली क्रँक फिरतोय; मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

पाना हातात घेण्याआधी पुरावे पाहावेत. एअर फिल्टर भिजलाय का, हवा आत नेणाऱ्या पाइपात गाळाची रेघ कुठवर आहे, हे पाहून फोटो काढावेत. विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू नये. इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच घेतलेलं नसेल, तर साध्या पॉलिसीत असा दावा बहुधा नाकारला जातो.

मग खालच्या ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट काढावा. पाणी ऑइलपेक्षा जड. गाडी उभी राहिली असेल तर आधी पाणी येतं, मागून ऑइल. असं वेगवेगळं आलं तर पाणी शिरल्यावर इंजिन फारसं फिरलेलं नाही. दुधाच्या चहासारखं एकजीव मिश्रण आलं, तर ते पाण्यासकट चाललंय, आणि बेअरिंगांकडे बारकाईने पाहायला हवं.

आता सगळे स्पार्क प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावावा आणि इंजिन हाताने हळू फिरवावं. अडकलेलं पाणी प्लगच्या भोकांतून उडतं, म्हणून तोंड लांब ठेवावं. इंजिन अडलं तर जोर करू नये.

हेड थंड इंजिनावरच उघडावं. बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, थोडेथोडे करत सैल करावेत. नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकायची भीती असते. कॅमशाफ्टच्या कॅप आणि टॅपेट यांवर क्रमांक टाकावेत, कारण प्रत्येक भाग आपल्याच जागी झिजलेला असतो.

खरं निदान इथे होतं. एकेक पिस्टन पूर्ण वर आणून तो ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून किती खाली थांबतो, ते डायल गेजने मोजावं. चारांपैकी एखादा खाली थांबला तर त्याचा रॉड आखूड झालाय, म्हणजेच वाकलाय. डोळ्यांना हा फरक दिसेलच असं नाही. त्याच सिलिंडरच्या भिंतीवर कार्बनचा पट्टा पाहावा. वरची रिंग जिथवर पोचते, त्याच्यावर कार्बन साचतो. एका बोअरमध्ये हा पट्टा इतरांपेक्षा रुंद असेल, तर रॉड वाकूनही इंजिन बरेच दिवस चाललंय; घाव कालच्या पावसाचा नाही.

खालून चेंबर काढून रॉडच्या कॅप उघडल्या की शेल बेअरिंग साक्ष देतात. वाकलेल्या रॉडचं शेल एका कडेलाच घासलेलं असतं, पिस्टनची बाजूही तिरकी घासलेली दिसते. मात्र सगळीच शेल काळीनिळी पडली असतील तर संशय ऑइल पंपावर किंवा तुंबलेल्या जाळीवर घ्यावा. तो वेगळा रोग आहे.

शेवटी वाटणी. वाकलेला रॉड परत सरळ करून बसवू नये. गॅस्केट, सील, रिंगा, शेल आणि ताणून कसले जाणारे हेड बोल्ट नवेच घ्यावेत. क्रँक व्ही-ब्लॉकवर फिरवून सरळपणा तपासावा आणि जर्नल मायक्रोमीटरने मोजावेत. बोअरला गंज लागला असेल तर खोली पाहून होनिंग की रिबोअर ते ठरवावं. उघडायला उशीर झाला की हा खर्च वाढतो. हेड, कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर यांतलं पुष्कळसं बहुतेक वेळा वाचतं.

रॉडने ब्लॉक फोडून बाहेर डोकं काढलं असेल, किंवा ब्लॉक आणि क्रँक दोन्ही गेले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुनं इंजिन आणलं तरी त्याचंही कॉम्प्रेशन मोजून घ्यावं आणि आपल्या इंजिनाचे चांगले भाग त्यासाठी राखून ठेवावेत. नुसता एक रॉड वाकला असेल, तर बाकीचे तिन्ही मोजल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू नये. किंचित वाकलेला रॉडही काही महिन्यांनी तुटू शकतो, आणि मग ब्लॉकही हातचा जातो.