कोळिष्टक मांडीवर की घोट्यावर

मांडीच्या बाहेरच्या अंगाला उमटलेलं निळ्या-जांभळ्या शिरांचं कोळिष्टक आणि घोट्याच्या आतल्या अंगाला पंख्यासारखं पसरलेलं कोळिष्टक दिसायला जवळपास सारखंच. दोन्हीकडची शीर एक मिलिमीटरपेक्षा बारीक, रंग तोच, आणि दोन्हीकडे सुईही तीच चालते. तरी पहिलं बहुतेक वेळा नुसतं दिसण्यापुरतं असतं आणि दुसरं आतली मोठी शीर बिघडल्याची खूण असू शकतं. या शिरांवरच्या इंजेक्शनच्या उपचाराबद्दल माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. उपचार चांगला आहे, पण टोचण्याआधी बाईला उभं करून तिचा पाय घोट्यापासून जांघेपर्यंत पाहिला नसेल, तर तो अर्धाही झालेला नाही. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. बाई संकोचानं साडी गुडघ्यापर्यंत वर घेते, एका जागेवर बोट ठेवते, आणि तपासणाऱ्याची नजरही त्या बोटापाशीच थांबते.

उभं करून का पाहायचं, हे पाटपाण्यावर शेती करणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही. पायातलं रक्त चढावर वाहतं. त्याला वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी पडद्यांची दारं असतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास असतो. चालायला लागलं की तो 30 च्या खाली उतरतो. वरचं दार गळायला लागलं की हा उतार मिळत नाही, रक्त खाली साचत राहतं आणि घोट्याजवळच्या बारीक शिरा ताणून वर दिसू लागतात. चारीचं दार गळत असताना खालच्या वाफ्यातलं पाणी कितीही उपसलं तरी वाफा पुन्हा भरतोच. घोट्याजवळच्या कोळिष्टकात नुसती सुई टोचणं म्हणजे तो उपसा. आणि ही गळती आडवं झाल्यावर दिसत नाही, कारण झोपलेल्या पायात चढच उरत नाही. म्हणून डॉप्लर सोनोग्राफीही उभं करून करतात: पोटरी दाबायची, सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते पाहायचं. कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला, तर दार गळतंय असं धरतात. अशा पायावर आधी त्या मोठ्या शिरेचा बंदोबस्त, कोळिष्टकाची पाळी नंतर.

प्रत्यक्ष टोचण्याचं काम मात्र आडवं झोपवूनच होतं, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. स्पिरिटचा बोळा फिरला की कातडी चकाकते आणि शीर जरा जास्त उठून दिसते. सावळ्या कातडीवर ती लालसर न दिसता काळपट-हिरवट दिसते, म्हणून उजेड तिरका घ्यावा लागतो. 30 गेजची सुई केसासारखी बारीक असते. एका हातानं कातडी ताणून धरायची आणि सुई जवळजवळ आडवी करून, तोंड वर ठेवून आत सरकवायची. औषध पॉलिडोकॅनॉल असेल तर अर्धा टक्का किंवा त्याहूनही पातळ. हे औषध 1930 च्या दशकात जर्मनीत तयार झालं ते जागा बधिर करण्यासाठी, त्यामुळे ते फारसं झोंबत नाही. दट्ट्या अगदी हलका दाबायचा. सुई नीट बसली असेल तर क्षणात ती शीर आणि तिचे फाटे पुसल्यासारखे पांढरे पडतात. रक्त मागे हटून औषध पुढे गेल्याची ती खूण. पांढरेपणाऐवजी कातडीवर फुगोटी आली तर औषध शिरेबाहेर चाललंय, तिथल्या तिथे थांबायचं. एका जागी मिलिलीटरचा दहावा-पाचवा हिस्सा पुरतो. औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती वाळलेली शीर जिरवून टाकतं. थोड्या जाड शिरांसाठी दोन सिरिंज एका जोडतोटीला लावून एक भाग औषध आणि चार भाग हवा इकडून तिकडे घुसळतात, की ताकावरच्या फेसासारखा पांढरा फेस तयार होतो. इटलीच्या तेसारी यांनी 2000 मध्ये मांडलेली ही सोपी रीत आता जगभर चालते. टोचून झालं की कापूस, पट्टी, घट्ट मोजे आणि लगेच वीस-तीस मिनिटं चालणं. बाळंतिणीसारखं पडून राहायचं नाही, हे बरोबर आलेल्या सासूबाईंनाही समजावून सांगावं लागतं.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, ही शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. कोळिष्टकाच्या शिरा बंद झाल्यानं त्या वाटेला काही होत नाही. म्हणूनच ती खोल वाट आधीच गुठळीनं अडलेली नाही ना, हे विचारून-पाहून घ्यायचं. गरोदर बाईला किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे इंजेक्शन द्यायचं नाही. ‘अशुद्ध रक्त साचलंय, ते काढून टाका’ असंही म्हटलं जातं. शिरावेधाला सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे, जळवा लावणारे आजही आहेत, त्यामुळे या समजुतीची मुळं खोल आहेत. पण शिरेतलं रक्त घाण नसतं, त्यात प्राणवायू कमी असतो इतकंच; ते कितीही काढलं तरी गळकं दार दुरुस्त होत नाही. तिसरा आक्षेप म्हणजे हे सगळे नटण्याचे चोचले. मला तो मान्य नाही. पाय झाकायला मिळत नाहीत म्हणून पोहायला किंवा मैदानात उतरायला बिचकणाऱ्या मुलीची अडचण खरी असते. फक्त तिला पूर्ण हिशोब आधी सांगायला हवा: एका बैठकीत काम होत नाही, नव्या शिरा पुढे येऊ शकतात, आणि टोचलेल्या जागी तपकिरी डाग पडू शकतो. तो डाग फुटलेल्या रक्तातल्या लोहाचा असतो. बहुतेक डाग वर्षभरात फिके होतात, पण सगळे नाही, आणि सावळ्या पायावर मूळच्या शिरेपेक्षा डागच जास्त डोळ्यांत भरू शकतो. क्वचित औषध चुकून धमनीत गेलं तर कातडी जळून जखमही होते. ज्या दवाखान्यात हे आधी सांगितलं जात नाही, तिथे इंजेक्शन घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशांचा आणि अंतराचा. क्षेत्रफळानं अहिल्यानगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून जामखेडला जायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासची रपेट. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, पण शेवगाव-पाथर्डीच्या बाईचा एका तपासणीसाठी अख्खा दिवस आणि एक रोज बुडतो. प्रत्येकीला डॉप्लर हवाच, असं माझं म्हणणं नाहीच. जाळं मांडीच्या बाहेरच्या बाजूला असेल, पाय दुखत-सुजत नसेल, कुठे गाठाळ फुगलेली शीर नसेल, तर डोळे आणि हात पुरतात. घोट्याजवळचं जाळं, संध्याकाळची सूज, पोटरीवर वळवळती जाड शीर, काळी पडलेली कातडी किंवा महिनोन्महिने न भरणारी जखम, यांतलं काहीही दिसलं तर डॉप्लरशिवाय सुई नको. ही निवड गावातच होऊ शकते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ज्या बायका अडलेलं बाळंतपण आणि कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला शिकल्या, त्यांच्यासारख्या सेविकेला घोट्याजवळचा निळा पंखा ओळखणं जड नाही.

वेळेचाही विचार व्हायला हवा, आणि तो या जिल्ह्यात पुस्तकाप्रमाणे जमत नाही. घट्ट मोजे उन्हाळ्यात घालवत नाहीत आणि ताज्या टोचलेल्या जागेवर कडक ऊन नको, म्हणून सर्वसाधारण सल्ला हिवाळ्याचा असतो. पण हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मग पहाटेपासून वाकणं, मोळी डोक्यावर घेऊन चढणं, पालावर राहणं. तिथे मोजेही टिकत नाहीत आणि फेरतपासणीही होत नाही. फेरतपासणी तर चुकवायचीच नसते, कारण दोन-तीन आठवड्यांनी शिरेत अडकलेलं घट्ट रक्त दोरीसारखं हाताला लागतं. ते बारीक टोचा मारून वेळीच काढलं तर डाग कमी पडतो. म्हणून ऊसतोडणी करणाऱ्या बाईची तपासणी आषाढात, ऊन उतरल्यावर व्हावी. इंजेक्शन द्यायचं ठरलंच, तर चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन बैठका आणि शेवटची फेरतपासणी, हे सगळं टोळीची गाडी भरायच्या आत उरकतं.