फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस व त्याची हरवलेली वाचा

फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाचें नांव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मूळ पुस्तक हातीं येईपर्यंत आमचीही तशीच होती. वस्तुतः तें त्या राक्षसास घडविणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचें आडनांव. राक्षसाला बिचाऱ्याला त्याच्या जनकानें नांव असें दिलेलेंच नाहीं. मग ज्याची ओळख आपण पडद्यावरून करून घेतली, तो मूळचा कितपत आहे?

मेरी शेली यांनीं ही कथा लिहावयास घेतली ती १८१६ च्या उन्हाळ्यांत, जिनीव्हाच्या सरोवराकांठीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. १८१८ सालीं लंडनांत पुस्तक निघालें, तें लेखिकेच्या नांवावांचून. कथेची रचना डबींत डबी घालावी तशी आहे. सर्वांत बाहेर उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन हा दर्यावर्दी आपल्या बहिणीस पत्रें लिहितो. त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची हकीकत येते. आणि तिच्याही पोटांत राक्षस स्वतः आपली कर्मकहाणी सांगतो.

ही कर्मकहाणी म्हणजे पुस्तकाचें काळीज होय. जन्मतांच टाकून दिलेला हा जीव एका झोंपडीला लागून असलेल्या खोपटांत लपतो, फटींतून आंतील गरीब कुटुंबाचें बोलणें ऐकतो, त्यावरून भाषा शिकतो, आणि रानांत सांपडलेलीं मिल्टन, प्लूटार्क व ग्योटे यांचीं पुस्तकें वाचून काढतो. अखेर धीर करून तो घरांतील आंधळ्या म्हाताऱ्यापुढें जाऊन बसतो. म्हातारा त्याच्याशीं ममतेनें बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाहीं. इतक्यांत मुलें परततात, आणि मुलगा त्या पाहुण्याला काठीनें झोडपतो. पुढें बुडणाऱ्या एका मुलीस तो पाण्याबाहेर काढतो. त्याचें बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळते. त्याचें क्रौर्य येथून वाढत जातें.

रंगभूमीनें ही वाचा फार लवकर काढून घेतली. १८२३ मध्यें लंडनांत लागलेल्या नाटकांत राक्षस मुका होता. जाहिरातींत त्याच्या नांवाच्या जागीं नुसत्या रेघा होत्या. लेखिका स्वतः तें नाटक पाहावयास गेल्या होत्या, आणि रेघांची युक्ति त्यांना आवडली. १९३१ सालीं जेम्स व्हेल यांनीं दिग्दर्शित केलेला अमेरिकन बोलपट आला. त्यांतील बोरिस कार्लॉफ यांचें चौकोनी डोकें व मानेंतील खिळे जगभर झाले. पुस्तकांत यांतलें कांहीं नाहीं. तेथें आहे तो आठ फूट उंचीचा, पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा व शुभ्र दांतांचा पुरुष.

रूप बदललें याबद्दल आमची फारशी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती मेंदूबद्दल. त्या बोलपटांत नोकराच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते व तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो. एवढ्यानें सारा न्यायच उलटतो. पुस्तकांत दोष टाकून देणाऱ्या जनकाचा व दार लावून घेणाऱ्या समाजाचा. पडद्यावर दोष बरणीचा! तळ्याकांठच्या मुलीला, ती फुलासारखी तरंगेल अशा भोळ्या समजुतीनें, तो पाण्यांत टाकतो, हा प्रसंग कार्लॉफ यांनीं हृदयस्पर्शी केला आहे. पण ज्या पुस्तकांत तो मुलीला वांचवितो, त्याच्या हा नेमका उलट आहे.

तरीही पटकर्त्यांची अडचण खरी आहे. कादंबरींत तें भेसूर तोंड चार ओळींत संपतें आणि पुढें सहा प्रकरणें नुसता आवाज ऐकूं येतो. वाचक त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या जागीं बसलेला असतो. पडद्यावर तोंड क्षणभरही दृष्टीआड होत नाहीं. शिवाय प्रेतांत प्राण कसा घातला हें लेखिकेनें शिताफीनें सांगण्याचें टाळलें आहे. पटकर्त्याला तें टाळतां येत नाहीं. म्हणून विजांचा तो कडकडाट व तीं यंत्रें.

१९९४ मध्यें केनेथ ब्रॅना यांनीं पटाच्या नांवांतच लेखिकेचें नांव घातलें, बर्फांत अडकलेलें जहाजही आणलें; परंतु खून झालेल्या एलिझाबेथला पुन्हा उठविण्याचा प्रसंग पदरचा घातला. २०२५ सालच्या गिलेर्मो देल तोरो यांच्या पटांत व्हिक्टरची व राक्षसाची अशा दोन वेगळ्या हकीकती आहेत. तेथें राक्षसाला त्याची वाचा परत मिळाली, याचें आम्हांस समाधान वाटलें. मात्र शेवटीं बापलेकांची जी दिलजमाई होते, ती पुस्तकांत नाहीं. तेथें व्हिक्टर तसाच मरतो, आणि राक्षस त्याच्या प्रेताशीं बोलतो.

मग तो जहाजाच्या खिडकींतून बर्फाच्या तराफ्यावर उडी घेतो. आपण स्वतःची चिता रचूं, असें तो सांगून जातो. ती त्यानें खरोखर रचली कीं नाहीं हें वॉल्टनला दिसत नाहीं, म्हणून आम्हांसही दिसत नाहीं. लाटा त्याला काळोखांत घेऊन जातात. १९३१ च्या बोलपटांत गांवकरी पवनचक्कीला आग लावून मोकळे होतात.