वीस मिलिमीटरच्या अलीकडे

तंजावरहून तिरुवैयारूला जायचं तर 13 किलोमीटरांत पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी रस्ता आवळतो, पूल संपला की गाव लागतं आणि गावात गतिरोधक. जानेवारीत सांबाच्या हंगामाचं भात कापणीला येतं, तेव्हा अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. या सपाट मुलखात घाटाचं नाव नाही, पण ब्रेकवरचा पाय फारसा उचलला जात नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद पाहायला मी पुण्याहून गाडी घेऊन आलो होतो. दुपारनंतर ज्यांच्याकडे उतरलो होतो ते मामा मला गावं दाखवायला नेत. व्यंकोजीराजे 1676च्या सुमारास इथे आले, तेव्हापासून मामांच्या घराण्याचं मराठी तमिळच्या शेजारात नांदतंय. वेण्णारच्या पुलाआधी पाय हलका दाबला की डाव्या पुढच्या चाकातून बारीक, धातूचा किंकाळीसारखा आवाज येऊ लागला. तिसऱ्या दिवशी मामाच म्हणाले, "हे ऐकून सोडून द्यायचं नव्हे."

पोंगल आटोपून दुकानं नुकती उघडली होती. कंडियूरच्या अलीकडे, नारळीच्या झावळ्यांच्या मांडवाखाली एक गॅरेज आहे. मिस्त्रीला सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी आधी गाडी किती चालली ते विचारलं. 68 हजार. पॅड आधी बदलले होते का? एकदा, 34 हजारांवर. डिस्क? कंपनीतून आली तीच. मग जॅक लावला, जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड दिला आणि चाक उतरवलं. ब्रेकची काळी भुकटी त्यांनी हवेच्या झोताने उडवली नाही, पाण्याने भिजवून पुसली. ती श्वासात जाऊ नये म्हणून. पोराच्या हातातली हवेची नळी त्यांनी बाजूला ठेवायला लावली, ते पाहून मला या माणसाच्या हातात गाडी द्यायला हरकत वाटली नाही.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि कॅलिपर रबरी नळीला लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधला. पॅड बाहेर आले. बाहेरच्या पॅडवर साधारण 4 मिलिमीटर माल होता, आतल्यावर दोनही नाही. आतल्या पॅडची पोलादी पट्टी डिस्कला टेकली होती. माल संपत आल्याची वर्दी देण्यासाठीच ती पट्टी लावलेली असते, आणि आवाज तिचाच होता.

पण एकाच चाकातले दोन पॅड असे वेगवेगळे का झिजावेत? अण्णांनी कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या ओढून पाहिल्या. वरची सहज आली. खालची हातोडीने हलकेच ठोकून काढावी लागली. तिच्यावरचा रबराचा बूट फाटलेला होता आणि आत करडा, पिठासारखा थर बसला होता. अण्णांनी तो बोटावर चोळून मला दाखवला. "वंडल," ते म्हणाले. कावेरीचा गाळ. इथून तीसेक किलोमीटरवर स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या मूर्तीवर साच्याचा पहिला लेप याच गाळाचा देतात, कारण तो इतका मऊ असतो की मेणावरची रेघन् रेघ उचलतो. तोच मऊपणा त्याला फाटक्या बुटातून पिनेपर्यंत घेऊन जातो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबतो. गेल्या पावसाळ्यातला पुण्याजवळचा चिखलही त्यात असणार. सगळा दोष मी कावेरीवर टाकणार नाही.

पॅड बदलायचे यात वाद नव्हता. प्रश्न डिस्कचा होता. मी आजवर दोन टोकांची मतं ऐकत आलो आहे. एक मत: पॅड बदलले की डिस्कही बदला, डोक्याला ताप नको. दुसरं: डिस्क म्हणजे लोखंड, ते काय झिजतंय, पॉलिश पेपर मारा आणि चालवा. अण्णांना मी दोन्ही सांगितली. त्यांनी दोन्हींना मान हलवून नकार दिला आणि तारेच्या ब्रशने डिस्कच्या मधल्या वाटीवरचा गंज घासू लागले. गंजाखालून अक्षरं वर आली: मिनिमम थिकनेस 20 मिलिमीटर. ही डिस्क नवी असताना 22 मिलिमीटर होती. म्हणजे तिच्या आयुष्याला मिळालेलं लोखंड दोनच मिलिमीटरांचं, दोन्ही बाजू मिळून.

त्यांच्या पोराने व्हर्नियर लावला: 21.8. मी हायसं वाटून मामांकडे पाहिलं. अण्णांनी पोराचा हात धरला आणि मला डिस्कच्या कडेवर नख फिरवायला लावलं. नख अडकलं. पॅड जिथे पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेल्या लोखंडाची एक कड उरते, वर गंज चढतो. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकले होते आणि झीज खाली खळग्यात लपली होती. मग त्यांनी मायक्रोमीटर काढला. कडेपासून बोटभर आत, फिरवत फिरवत आठ ठिकाणी माप घेतलं आणि प्रत्येक आकडा खडूने डिस्कवरच लिहिला. 20.5, 20.4, 20.5, 20.4... आठ मापं जवळपास सारखी होती, म्हणून ब्रेक दाबताना पेडल थरथरत नव्हतं. उजवीकडची सर्वांत कमी जाडी 20.9.

"तेंजु पोच्चु," अण्णा म्हणाले. झिजून गेली.

पण वीसच्या वर आहे ना, मी म्हणालो. इथे त्यांनी जे समजावलं, ते मला इतक्या वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. वीस ही आजची अट नाही, आज बसवलेले पॅड संपतील त्या दिवसाची आहे. दोन जोड्या पॅडनी या डिस्कचे 1.6 मिलिमीटर खाल्ले, म्हणजे एका जोडीने 0.8. पुढची जोडी संपेल तेव्हा डिस्क 19.6 असेल. मी हिशेब खेचून पाहिला: पिन साफ केल्यावर डावी डिस्कही उजवीइतकीच, 0.55ने झिजली तर? 19.85. तरीही वीसच्या खाली. लेथवर चढवून साफ करून आणावी, तर लेथ आणखी लोखंड काढणार.

पातळ डिस्कने बिघडतं काय? तर उष्णता. बाराशे किलोंची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबते, तेव्हा तिची सगळी गती उष्णतेत बदलते, आणि ती उष्णता लिटरभर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणण्याइतकी असते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क काही सेकंदांत पोटात घेतात. लोखंड जितकं कमी, तितकी डिस्क लवकर तापते, वाकते, तडकते. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही पातळ झाले, की पिस्टनला आपल्या घराबाहेर जास्त यावं लागतं.

अण्णांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. ही गाडी याच गावांत फिरणार असती, तर ते मला थोडे महिने थांबा म्हणाले असते आणि पॅड अर्धे झाले की पुन्हा मापायला बोलावलं असतं. सपाटीवर डिस्क झिजते, भाजत नाही. पण मला परत पुण्याला जायचं होतं. शेवटी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा तो लांब उतार होता. तिथे अवजड गाड्यांचे जे अपघात झाले आहेत, ते कुणा पुणेकराला विसरता येत नाहीत. तुमचा परतीचा रस्ता कोणता, हे विचारणारा मिस्त्री मला पहिल्यांदा भेटला.

उजवी डिस्क मात्र मला टोचत होती. 20.9, आणखी एक जोडी आरामात चालली असती. चांगलं लोखंड फेकायचं का? अण्णा म्हणाले, एका आसावरच्या दोन्ही डिस्क एकदमच. एकीकडे नवं, एकीकडे जुनं असलं की दोन्ही चाकांची पकड वेगळी होते आणि ओल्या रस्त्यावर जोरात दाबलं की गाडी एका बाजूला ओढते. मला ते पटलं, तरी ती डिस्क भंगारात जाताना वाईट वाटलंच.

डिस्क तिरुचीहून दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्या संध्याकाळी तिथे एक टॅक्सीवाला आला. त्याला कुणीतरी डिस्कही बदलायला सांगितलं होतं. अण्णांनी मापलं: 21.5, जुजबी कड, पृष्ठभाग गुळगुळीत. त्यांनी त्याला फक्त पॅड घ्यायला लावले. ज्या मायक्रोमीटरने माझा खर्च वाढवला होता, त्यानेच त्या माणसाचा वाचवला.

दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त वेळ डिस्क बसवण्यात गेला नाही, तिच्या बैठकीत गेला. हबच्या तोंडावरचा गंज त्यांनी चकाकेपर्यंत घासला. तिथे गंजाचं कणभर टेकाड राहिलं तरी नवी डिस्क वाकडी फिरते, आणि काही हजार किलोमीटरांनी पेडल थरथरू लागलं की लोक डिस्कला नावं ठेवतात. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल थिनरने पुसलं. पिनांना नवे बूट आणि सिलिकॉनचं ग्रीस, साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. पिस्टन आत ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घेतलं, ते वर येऊन रंगावर सांडू नये म्हणून. चाकं चढली, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी मला आत बसवून पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं. पहिल्या दोन दाबांना पाय थेट तळाला गेला. असाच गाडी घेऊन निघालो असतो, तर समोरच्या भिंतीवर गेलो असतो.

पहाटे, रस्त्यावर भात पसरायच्या आत, अण्णा शेजारी बसले. साठवर नेऊन वीसपर्यंत मध्यम दाबाने उतरवायचं, मग किलोमीटरभर मोकळं चालवून थंड होऊ द्यायचं, असं दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरायचा नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला जळका वास आला आणि मी घाबरलो. "येऊ दे," ते म्हणाले. आठव्या वेळेपर्यंत वास ओसरला आणि पेडलखाली पकड आल्याचं पायालाच कळलं. पुढचे 300 किलोमीटर सौम्य चालवायचं, एवढं बजावून ते गॅरेजपाशी उतरले.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी 28 जानेवारीला बंद करायचा रिवाज आहे, त्यामुळे पाचही नद्या अजून वाहत्या होत्या. वेण्णारच्या पुलाआधी मी पाय दाबला. मामांनी काच खाली घेतली आणि कान दिला. नंतर त्यांनी माझी वही मागून घेतली आणि आपल्या जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: डावी 22.0, उजवी 22.0, किलोमीटर 68,214.