फोनचे शुद्धिपत्र

छापील ग्रंथाच्या अखेरीस पुष्कळदा एक लहानसे पान जोडलेले असते. त्यावर ‘शुद्धिपत्र’ असे शीर्षक असून अमुक पृष्ठावरील अमुक ओळीत अमुक शब्दाऐवजी अमुक शब्द वाचावा, अशा सूचना ओळीने दिलेल्या असतात. ग्रंथ कितीही काळजीपूर्वक छापला तरी त्यात काही चुका राहून जातातच. आणि त्या ध्यानात आल्यावर वाचकांस प्रामाणिकपणे कळविणे हे प्रकाशकाचे कर्तव्य होय. आज घराघरांत दिसणारे मोबाइल फोन व टॅबलेट यांच्या बाबतीतही हेच घडते. त्यांच्याही चुका मागाहून ध्यानात येतात, त्यांचेही शुद्धिपत्र निघते, आणि त्यालाच आपण नित्याच्या बोलण्यात ‘अपडेट’ म्हणतो.

फोन म्हणजे केवळ काच, धातू आणि बॅटरी नव्हे. त्याच्या अंतरंगात लक्षावधी ओळींची एक प्रचंड आज्ञावली सतत काम करीत असते. पडद्यावर बोट टेकले असता काय करावे, आवाज कसा पोहोचवावा, कोणत्या ॲपला कोणती माहिती पाहू द्यावी व कोणती देऊ नये, हे सर्व तीच ठरविते. हिलाच ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ असे नाव आहे. गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस व आयपॅडओएस या आज सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ग्रंथातील चूक फार तर अर्थाचा अनर्थ करील. परंतु या आज्ञावलीतील चूक चोरास घराचे दार उघडून देऊ शकते.

याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. सन २०१५ च्या जुलै महिन्यात जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागातील दोष उघडकीस आणले. हा भाग चित्रफिती हाताळण्याचे काम करीत असे. त्यातील दोषामुळे केवळ एक चित्रफितीचा संदेश धाडून परक्या माणसास दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरकाव करणे शक्य होते. काही प्रसंगी तर मालकाने तो संदेश उघडण्याचीही आवश्यकता नव्हती! या घटनेनंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षेची दुरुस्ती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पण दुरुस्ती प्रसिद्ध होणे निराळे आणि ती आपल्या यंत्रात बसणे निराळे. सन २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील संगणक बंद पाडले, आणि इंग्लंडमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. विशेष हे की, त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती, त्यांना तिचे मोल दोन महिन्यांनी कळले.

सामान्यतः अपडेट फोनवर आपोआप येते. आपण फक्त संमती द्यावयाची असते. मग ते स्वहस्ते बसविण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याची तीन-चार कारणे आहेत. एक तर कंपन्या नवे अपडेट पुष्कळदा सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतात, त्यामुळे काहींना थांबावे लागते. दुसरे, कधी आपोआप येणारे अपडेट पुनःपुन्हा अयशस्वी होते. तिसरे, इंटरनेटचा वेग मंद असेल तर एकदा संगणकावर फाईल उतरवून घेऊन त्याच प्रकारच्या अनेक यंत्रांसाठी ती वापरता येते. आणि चौथे व सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, कधी कधी फोन सुरूच होत नाही. अशा वेळी अधिकृत फाईल बाहेरून बसविणे हाच त्यास जीवदान देण्याचा मार्ग उरतो.

येथे ‘अधिकृत’ या शब्दावर विशेष भर देणे अवश्य आहे. अलीकडे आपल्या देशात फसवणुकीचा एक प्रकार फैलावला आहे. बँकेच्या, वीज कंपनीच्या किंवा ‘सिस्टिम अपडेट’च्या नावाने एक संदेश येतो आणि त्यासोबत ‘एपीके’ प्रकारची फाईल असते. एपीके म्हणजे ॲप बसविण्याची फाईल; ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट अशा संदेशातून कधीही येत नसते. ज्या घरात एकाच फोनवर वडिलांचे बँक खाते, आईचे व्यवहार व मुलांचा अभ्यास चालतो, तेथे अशी एक फाईल उघडल्याने सर्वांचेच नुकसान होऊ शकते. म्हणून अपडेट घ्यावयाचे ते फोनच्या सेटिंग्जमधून, किंवा फोन बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. अन्य कोठूनही नव्हे.

अधिकृत फाईल ओळखावयाची कशी? मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब’ करीत असत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा त्या मुद्रेचा हेतू असे. अपडेटच्या फाईलवरही कंपनी असेच मोर्तब करते. त्यास ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हणतात. ती करण्याची गुप्त किल्ली केवळ कंपनीपाशी असते, आणि ती पारखण्याची उघड किल्ली प्रत्येक फोनमध्ये घातलेली असते. फाईलमधील एक अक्षर जरी कोणी पालटले, तरी पारख चुकते आणि फोन ती फाईल नाकारतो.

याशिवाय आपणही एक तपासणी करू शकतो. गूगल आपल्या प्रत्येक फाईलपुढे ‘शा-२५६’ पद्धतीने काढलेली एक खूण छापते. ती अंक व रोमन अक्षरे मिळून ६४ चिन्हांची असते. आपण उतरविलेल्या फाईलची तशीच खूण संगणकाकडून काढवून दोन्ही ताडून पाहाव्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर फाईल मार्गात बिघडलेली नाही असे समजावे. एका चिन्हाचाही फरक पडला तर ती फाईल टाकून देऊन नव्याने उतरवावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. उदाहरणादाखल गूगलचा पिक्सेल फोन घेऊ. प्रथम फोनमधील छायाचित्रे, संपर्क व कागदपत्रे यांची दुसरीकडे प्रत करून ठेवावी. ही पायरी कंटाळवाणी खरी. परंतु आजोबांचे अखेरचे छायाचित्र त्याच फोनमध्ये असेल तर तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको. नंतर बॅटरी पुरेशी भारित आहे ना, हे पाहावे. मग सेटिंग्जमध्ये फोनचे नेमके मॉडेल पाहून घ्यावे. प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असते. उदाहरणार्थ, पिक्सेल ७ चे नाव ‘पँथर’. एका मॉडेलची फाईल दुसऱ्यास चालत नाही. संपूर्ण ‘ओटीए’ फाईल आकाराने मोठी, दोन जीबीच्या वरही असते. कारण आपोआप येणाऱ्या अपडेटमध्ये बहुधा जुन्या-नव्यातील फरक तेवढाच असतो, तर हिच्यात सारा मजकूर असतो.

संगणकावर गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ ही साधने उतरवून घ्यावी. त्यातील ‘एडीबी’ नावाचे साधन संगणक व फोन यांच्यात दुभाष्याचे काम करते. फोन बंद करून पॉवर व आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून धरावे. जो पडदा दिसेल त्यातून ‘रिकव्हरी मोड’ निवडावा. येथे आडवा पडलेला यंत्रमानव दिसतो, त्यास पाहून घाबरण्याचे कारण नाही! पॉवरचे बटण दाबून धरून आवाज वाढविण्याचे बटण एकदा दाबले की यादी उघडते. तीतील ‘ॲप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ हा पर्याय निवडून केबलने फोन संगणकास जोडावा. नंतर संगणकावर ‘एडीबी साइडलोड’ ही आज्ञा व तिच्यापुढे फाईलचे नाव लिहावे. काम चालू असताना केबल हलवू नये. ते पुरे झाल्यावर ‘रीबूट सिस्टिम नाऊ’ निवडावे. या रीतीने अपडेट बसविले असता फोनमधील माहिती पुसली जात नाही, आणि फोनचे मूळ कुलूपही उघडावे लागत नाही.

मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तर काय, अशी शंका कोणी घेईल. पूर्वीच्या फोनमध्ये हा धोका मोठा होता. जुनी आज्ञावली अर्धी खोडली गेली व नवी अर्धीच लिहिली गेली, तर फोन विटेसारखा निर्जीव होऊन बसे. सन २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून यावर एक सुरेख उपाय योजण्यात आला. त्यानुसार बनविलेल्या फोनमध्ये आज्ञावलीसाठी दोन खण असतात. एका खणातील आज्ञावलीवर फोन चालतो. नवी आज्ञावली दुसऱ्या खणात लिहिली जाते. ती पूर्ण झाल्यावरच फोन तिकडे वळतो, आणि तेथून नीट सुरू झाला नाही तर जुन्या खणाकडे परततो. नवे घर उभे राहीपर्यंत जुने पाडावयाचे नाही, ही शहाण्या गृहस्थाची रीतच येथे यंत्राने उचलली आहे.

ॲपलच्या आयपॅडची रीत थोडी निराळी आहे. सन २०११ मध्ये आयओएस ५ येईपर्यंत या यंत्रांचे प्रत्येक अपडेट संगणकास जोडूनच करावे लागत असे. आजही तो मार्ग खुला आहे. केबलने जोडल्यावर मॅक संगणकावर ‘फाइंडर’मधून, तर विंडोजवर ‘ॲपल डिव्हाइसेस’ या ॲपमधून अपडेट करता येते. आयपॅड सुरूच होत नसेल तर तो ‘रिकव्हरी मोड’मध्ये न्यावा. मग संगणक दोन पर्याय पुढे ठेवतो: ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोर’. या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे. पहिल्याने माहिती राखून आज्ञावली पुन्हा बसविण्याचा प्रयत्न होतो. दुसऱ्याने सारी माहिती पुसली जाते. म्हणून आधी ‘अपडेट’च निवडावे. फाईल उतरण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर आयपॅड त्या स्थितीतून आपोआप बाहेर पडतो. अशा वेळी फाईल पूर्ण उतरू द्यावी व कृती पुनश्च करावी.

या मार्गाच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे इष्ट. पुढे जाता येते, पण मागे येता येईलच असे नाही. सन २०२२ मध्ये पिक्सेल ६ फोनवर अँड्रॉइड १३ बसविल्यावर पुन्हा १२ वर परतण्याची वाट गूगलने बंद केली; जुन्या आवृत्तीतील उघड झालेला दोष कोणी परत आणू नये, हा त्यामागील हेतू. ॲपलही ज्या आवृत्त्यांना त्या वेळी मान्यता देत असेल तेवढ्याच बसू देते. गूगलच्या ‘फॅक्टरी इमेज’ नावाच्या फाईलींची गोष्ट वेगळी. त्या बसविण्यासाठी फोनचे मूळ कुलूप उघडावे लागते आणि ते उघडताच सर्व माहिती नष्ट होते. नवशिक्यांनी त्या वाटेस जाऊ नये. शिवाय प्रत्येक फोनच्या शुद्धिपत्रास अंत असतो. सन २०२३ च्या पिक्सेल ८ साठी गूगलने सात वर्षांचे अभिवचन दिले. स्वस्त फोनांना याहून पुष्कळच कमी काळ मिळतो. म्हणून फोन विकत घेताना कॅमेरा किती चांगला, एवढेच न विचारता, याचे अपडेट किती वर्षे मिळणार, हेही दुकानदारास अवश्य विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधारी मंडळी फोनच्या बाबतीत बहुधा आपल्यावर विसंबून असतात. तो विश्वास मोठा आहे. त्याबरोबर जबाबदारीही येते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनवर प्रयोग करू नये, प्रत काढल्यावाचून आरंभ करू नये आणि अनोळखी ठिकाणची फाईल कदापि घेऊ नये. शुद्धिपत्र नुसते ग्रंथात ठेवून भागत नाही. हाती लेखणी घेऊन एकेक चूक दुरुस्त करणारा वाचकच त्याचे सार्थक करतो. घरातल्या फोनच्या बाबतीत असा वाचक होणे आपणास सहज साध्य आहे.