भरतीसाठी पळताय? मग आधी बिडी-सिगारेट सोडा!

न्हावरे (ता. शिरूर) : पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचलाच चौफुला रस्त्याला पळायला निघतात. घाम गाळण्यात कुणी मागं नाही. पण पळून आल्यावर त्यातलीच दोघं-चौघं टपरीवर चहाबरोबर सिगारेट पेटवतात. पहाटे कमावलेलं तिथंच धुरात जातं.

भरतीत मुलांच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० गुण १६०० मीटर धावण्याला. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण २०. त्यानंतर उशीर होईल तसे गुण कापले जातात.

धुरामुळे नेमकं होतं काय?

रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं त्याला चिकटतो. ट्रॉलीत उसाच्या जागी पाचट भरावं, तशी गत. ट्रॉली भरलेली दिसते, पण कारखान्यावर ऊस कमीच पोचतो. पायाला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिसऱ्या राउंडलाच दम लागतो.

त्यात निकोटीननं हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. श्वासनलिका सुजून कफ साचतो, तो वेगळाच.

'बिडीनं काही होत नाही' हा गैरसमज

बिडीला फिल्टर नसतो. ती विझू नये म्हणून झुरकेही जास्त आणि जोरात मारावे लागतात. त्यामुळं विषारी धूर छातीत आणखी खोल जातो. सिगारेट सोडून तंबाखू मळली तरी निकोटीन आहेच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

सोडल्यावर फरक पडतो का?

पडतो, आणि लवकर पडतो. २० मिनिटांत ठोके उतरू लागतात. साधारण एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. २ आठवडे ते ३ महिन्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचं काम सुधारतं. म्हणजे आज सोडली तर पुढच्या भरतीपर्यंत फायदा नक्की.

तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, चार पावलं चाला. जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी टोल फ्री नंबरवर फोन करा.

मी स्वतः बारा वर्षं बिडी ओढली. सोडल्यावर पहिला आठवडा लई जड गेला. पण आता खताची गोणी बांधावर नेताना मधी टेकावं लागत नाही. पोरांनो, तुमचं तर वयच पळायचं आहे!