गोळा, भाला आणि ४५ अंश

फेकलेली वस्तू सर्वांत लांब कधी जाते? अकरावीला सायन्स घेतलेला माणूस झोपेतही सांगेल : ४५ अंशांत फेकली तर. हे उत्तर, ते सिद्ध करणाऱ्या गणिताहून जुनं आहे. निकोलो तार्ताल्यानं १५३७ साली व्हेनिसमध्ये ते छापलं. गंमत अशी, की त्याच्या आकृत्यांतला तोफगोळा आधी सरळ जातो, मग वर्तुळाच्या कमानीवरून वळतो आणि शेवटी सरळ खाली कोसळतो. वाट चुकीची, कोन मात्र बरोबर!

खरी वाट दाखवली गॅलिलिओनं. १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या ग्रंथात त्यानं गोळ्याच्या एका गतीचे दोन हिशेब मांडले. आडव्या गतीला कुणी ढकलत नाही, कुणी अडवत नाही. ती कायम राहते. उभ्या गतीतून गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटरचा वेग कापत जातं. दोन्ही हिशेब एकाच वेळी चालतात, पण एकमेकांत नाक खुपसत नाहीत. त्यातून जी वक्ररेषा निघते ती अन्वस्त, म्हणजे पॅराबोला.

सदिशांचे, म्हणजे व्हेक्टरचे, बाण गॅलिलिओकडे नव्हते. गिब्ज आणि हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आजच्या रूपात आणले, आणि मग सगळं सोपं झालं. सेकंदाला २० मीटर वेगानं, ६० अंशांत चेंडू मारा. त्याचा आडवा घटक १०, उभा १७.३. चेंडू साधारण साडेतीन सेकंद हवेत राहील आणि ३५ मीटरवर पडेल. ३० अंशांत मारलात तर घटकांची अदलाबदल होते : जेमतेम दोन सेकंदांची उडी, पण पल्ला तोच. आधीचा चेंडू १५ मीटर उंच गेला होता, हा फक्त पाच. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला मात्र हे दोन झेल मुळीच सारखे वाटणार नाहीत.

हे सारं हवा नाही असं धरून. बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ साली लंबकावर गोळ्या झाडून वेग मोजले, तेव्हा वेगवान गोळीला होणारा हवेचा विरोध तिच्या वजनाच्या कितीतरी पट निघाला. हा विरोध एकूण वेगावर ठरतो. त्यामुळे वर जाण्याचा वेग बदलला की आडव्या वेगाचा ऱ्हासही बदलतो. गॅलिलिओचे वेगळे हिशेब इथे एकमेकांत मिसळतात. माझ्या मते सदिशांची खरी किंमत इथेच कळते : अन्वस्त मोडतं, पण वेगाच्या उलट दिशेला आणखी एक बाण काढून क्षणाक्षणाची बेरीज करता येतेच.

मैदानावर ४५ अंशांची आणखी पंचाईत. गोळाफेकीत गोळा जमिनीवरून नाही, सुमारे दोन मीटर उंचीवरून सुटतो. शिवाय शरीराला कमी कोनात जास्त वेग देता येतो. म्हणून चांगले गोळाफेकपटू ४५ पेक्षा बरेच खाली फेकतात. पुस्तकात वेग आणि कोन स्वतंत्रपणे निवडता येतात, खांद्याला तशी मुभा नसते.

भाला तर हवेवर तरंगतोच. नीरज चोप्राची टोकियोतली ८७.५८ मीटरची फेक निर्वात जागेत, जमिनीलगतून, ४५ अंशांत व्हायची तर सेकंदाला साधारण २९ मीटर वेग पुरला असता. प्रत्यक्षात भालाफेकपटू त्याहून कमी कोन धरतात. १९८४ साली उवे होननं १०४.८० मीटर फेक केली आणि मैदानच अपुरं पडेल अशी धास्ती वाटू लागली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. टोक लवकर खाली झुकू लागलं, पल्ला घटला. नव्या भाल्याचा विक्रम यान झेलेझ्नीचा, १९९६ चा : ९८.४८ मीटर.